आधी प्रेक्षकाला सांगणारा नाटककार

गोविंद बल्लाळ देवल यांनी उण्यापुऱ्या तीस वर्षांत सात नाटके लिहिली. 'दुर्गा', 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय', 'झुंझारराव', 'शापसंभ्रम', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ'. यांतील एकटी 'शारदा' त्यांची स्वतःची. बाकी सहांच्या कथा सदर्न, शूद्रक, कालिदास, शेक्सपिअर, बाणभट्ट आणि मोलिएर यांच्याकडून आलेल्या. या हिशेबाने देवलांना रूपांतरकार ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि तसे अधूनमधून केलेही जाते. तथापि ही नाटके ओळीने वाचत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. इतक्या निरनिराळ्या देशांतल्या आणि काळांतल्या कथा त्यांनी निवडल्या, पण बहुतेकींत एक सोय समान आहे. रंगमंचावरच्या माणसाला जे ठाऊक नाही, ते समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

पाश्चात्त्य नाट्यविचारात या युक्तीला 'ड्रॅमॅटिक आयरनी' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी नाट्यगत उपरोध असा काहीसा जड शब्द वापरला जातो. गोष्ट मात्र अगदी घरगुती आहे. लपंडावात ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या पाठीशीच एखादा गडी श्वास रोखून उभा असतो आणि ओट्यावर बसून पाहणारी मंडळी ओठ दाबून हसत असतात. त्यांना हसू येते ते गडी दिसतो म्हणून, आणि शोधणाऱ्याला तो दिसत नाही म्हणून. नाटककार हेच करतो. सोफोक्लीसच्या 'ईडिपस'मध्ये राजा आपल्या बापाच्या मारेकऱ्याला शोधत निघतो आणि तो मारेकरी राजाच आहे, हे अथेन्सच्या प्रेक्षकाला नाटक सुरू होण्याआधीच माहीत असते. राजा जितक्या प्रामाणिकपणे शोध घेतो तितका प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. एकाच युक्तीतून हसूही निघते आणि धसकाही. देवलांनी या दोन्ही टोकांना जाऊन पाहिले. त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहण्यात म्हणूनच काही अर्थ आहे.

देवलांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855चा. बालपण गेले ते सांगलीजवळच्या हरिपुरात. कृष्णा आणि वारणेच्या संगमावर वसलेले, हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. सांगलीत त्याआधी बारा वर्षे, म्हणजे 1843 साली, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. भाव्यांच्या नाटकांची रीत आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. सूत्रधार आधी पद्ये गाऊन पुढच्या प्रसंगाची कथा सांगे आणि मग पात्रे ती करून दाखवीत. कथा पुराणातली, म्हणजे आधीच पाठ. वर सूत्रधारानेही ती आगाऊ सांगितलेली. पुढे काय होणार हे कळले म्हणून कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही. पुढे काय होते यापेक्षा ते त्या पात्राला कसे कळते, हे पाहण्यात गोडी असलेला प्रेक्षक या मुलखात आधीपासून तयार होता.

देवलांचे शिक्षण बेळगावला झाले. तेथे त्यांना शिक्षक म्हणून लाभले अण्णासाहेब किर्लोस्कर. शाळेतले हे गुरुशिष्याचे नाते पुढे रंगभूमीवर आले आणि आयुष्यभर टिकले. देवल स्वतःही काही काळ बेळगावला शिक्षक होते. पण अण्णासाहेबांच्या सहवासात आलेला माणूस खडू-फळ्यापाशी फार काळ थांबणे कठीणच होते. 1880 साली पुण्यात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. 1882 साली 'सौभद्र' आले. या दोन नाटकांच्या पदांची चर्चा एवढी होते की त्यांच्या रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

'शाकुंतल'चे घ्या. महाभारतातल्या मूळ कथेत दुर्वासाचा शाप नाही. तो कालिदासाने घातला. त्याने तो घातला तोही अशा रीतीने, की शकुंतलेला ऐकू जाऊ नये आणि प्रेक्षकाला मात्र ऐकू जावा. दुष्यंताच्या विचारात बुडालेली ती मुलगी आपल्या दारी आलेल्या ऋषीचा क्रोधही ऐकत नाही. तिच्या दोन सख्यांना तो कळतो आणि त्या तिला सांगत नाहीत. त्यानंतर ती सासरी निघते, कण्व गहिवरतो, झाडे-वेली निरोप देतात. हे सगळे आपण एका गाठीसह पाहत असतो. राजा तिला ओळखणार नाही, हे आपल्याला माहीत आहे. 'सौभद्र'मध्ये तीच गोष्ट हसरी होऊन येते. यतीच्या वेषात आलेल्या अर्जुनाला बलराम भक्तिभावाने घरात ठेवून घेतो आणि त्याच्या सेवेला चक्क सुभद्रेला नेमतो. बलरामाचा आदर जितका वाढतो तितके प्रेक्षागृह खुलत जाते. देवलांची नाट्यशाळा ही अशी होती. गुरूच्या पहिल्या दोन यशस्वी नाटकांतून त्यांना एकाच युक्तीचे दोन्ही धडे मिळाले.

2 नोव्हेंबर 1885 रोजी अण्णासाहेब गेले. पुढच्याच वर्षी, 1886 साली, देवलांचे 'दुर्गा' आले. सदर्न या आयरिश नाटककाराच्या 'इझाबेला' या नाटकावर ते आधारले होते. लढाईत नवरा गेला असे समजून, दारिद्र्याने आणि सासरच्या निष्ठुरपणाने गांजलेली स्त्री दुसरा विवाह करते आणि मग मेलेला नवरा परत येतो. मूळ नाटकाचा गाभा हा. नवरा जिवंत असल्याचे तिच्या दिराने लपवून ठेवलेले असते. नाटक शोकात्म आहे, काहीसे भडकही. पण एका माणसाने दडवलेली एक बातमी किती आयुष्ये उद्ध्वस्त करते, हा देवलांचा पुढचा विषय येथेच डोके वर काढतो.

1887च्या 'मृच्छकटिका'त देवलांना त्यांचे खरे घबाड सापडले. शूद्रकाचे हे दहा अंकी प्रकरण म्हणजे अज्ञानाच्या गाठींचे एक अजब विणकाम आहे. त्यातली दागिन्यांची कथाच पाहावी. वसंतसेना आपले अलंकार विश्वासाने चारुदत्ताकडे ठेवते. शर्विलक त्याच्या घराला भोक पाडून ते चोरतो, का तर वसंतसेनेचीच दासी असलेल्या आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी. म्हणजे दागिने फिरून मालकिणीकडेच परत येतात आणि ती ते आडून ऐकते. इकडे चारुदत्ताला अब्रूची चिंता. चोरी झाली असे सांगितले तर दरिद्री माणसावर कोण विश्वास ठेवणार? त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला पुढे करते आणि मैत्रेय ती घेऊन वसंतसेनेकडे जातो. चारुदत्ताने दागिने जुगारात गमावले, अशी बतावणी करतो. ऐकणारीच्या घरात ते दागिने आहेत! ती सत्य सांगत नाही, माळ ठेवून घेते आणि संध्याकाळी भेटीला येते, असा निरोप देते. मैत्रेय तिच्या लोभाला शिव्या मोजत परततो. तिच्या मनात काय आहे, ते फक्त तिला आणि आपल्याला माहीत. प्रेम कळवण्याचा इतका मिस्कील आणि इतका थोर प्रकार संस्कृत नाटकातही विरळा.

पुढे मात्र हाच खेळ गळ्याशी येतो. चारुदत्ताचा गाडीवान बैठक विसरला म्हणून ती आणायला मागे जातो. तेवढ्यात गर्दीत अडकलेली शकाराची गाडी त्याच दाराशी थांबते आणि वसंतसेना चुकीच्या गाडीत चढते. प्रेक्षक ते उघड्या डोळ्यांनी पाहतो. ओरडून सांगावेसे वाटते आणि सांगता येत नाही. शकार तिचा गळा दाबतो, मेली समजून सोडून जातो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. भर न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून तिचे दागिने खाली पडतात. ते दागिने तिने चारुदत्ताच्या लहानग्या मुलाला सोन्याची गाडी घ्यायला दिले होते. ज्या मातीच्या गाडीवरून नाटकाला नाव पडले, तीच ही गाडी. आईच्या मायेने दिलेली वस्तू फाशीचा पुरावा ठरते. न्यायाधीशाला दागिने दिसतात. प्रेक्षकाला दागिन्यांमागचे रडणारे मूल आठवते. वसंतसेना एका भिक्षूच्या आश्रयाने वाचली आहे, हेही आपल्याला कळलेले असते. म्हणून वधस्थानाकडे निघालेल्या चारुदत्ताची मिरवणूक पाहताना आपण त्याच्या मरणाला भीत नाही. ती वेळेवर पोहोचते की नाही, एवढ्यालाच भितो.

हे सगळे शूद्रकाचे आहे, देवलांचे नाही, असा आक्षेप येईल. तो बरोबरही आहे. पण दहा अंकांची संस्कृत कथा मराठी प्रेक्षकाला गात्या स्वरूपात दाखवताना कोणता धागा हाती ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणे हे रचनाकाराचे काम. एका नाटकात इतक्या वस्तू इतक्या हातांतून फिरतात आणि तरी प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही, हे साधे कसब नव्हे. शिवाय देवलांची भाषा. संस्कृताच्या सावलीत वाढलेल्या त्या काळात त्यांनी पदे इतकी सोपी लिहिली की ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. ज्या नाटकात प्रेक्षकाने पात्रापेक्षा दोन पावले पुढे असायचे, त्यातला एकही शब्द त्याला अडता कामा नये.

1889चे 'विक्रमोर्वशीय' हे त्यांच्या उत्तम नाटकांत मोडत नाही. त्यातही अदृश्य झालेली उर्वशी राजाच्या बाजूला उभी राहून त्याचे विरहाचे बोलणे ऐकते आणि ती आपल्याला दिसते, राजाला नाही. एवढी नोंद करून पुढे जावे.

पुढे गेल्यावर लागतो 'झुंझारराव'. 1890 साली आलेले हे गद्य नाटक शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे मराठी रूप. शेक्सपिअरच्या या नाटकाचे महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 सालीच मराठी भाषांतर केले होते. देवलांनी माणसे, नावे, रीतभात सगळे मराठी केले. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा. शाहूनगरवासी मंडळींच्या गणपतराव जोशी यांनी झुंझारराव उभा केला आणि त्या भूमिकेने त्यांच्या कीर्तीत भर घातली.

या नाटकातील यातना कशात आहे? एक विश्वासू समजला जाणारा सहकारी आपल्या वरिष्ठाच्या कानात बायकोबद्दल विष ओततो. तो खोटारडा आहे हे आपल्याला पहिल्या अंकापासून माहीत आहे, कारण तो स्वतःच ते आपल्याला सांगतो. नाटकातल्या प्रत्येकाशी तो खोटे बोलतो. खरे बोलतो ते फक्त प्रेक्षकाशी. या विश्वासाने तो आपल्याला जवळजवळ कटात ओढतो. आपल्याला सगळे ठाऊक आहे आणि आपण खुर्चीत बसून आहोत. एक हातरुमाल चुकीच्या हातात जातो. तो कोणी उचलला, कोणाला दिला, कोठे टाकला, हे आपण पाहिलेले असते. झुंझाररावाने पाहिलेला असतो फक्त शेवटचा टप्पा. शूद्रकाच्या न्यायाधीशाप्रमाणे तोही वस्तू पाहतो आणि तिचा प्रवास त्याला दिसत नाही. निरपराध कमळजा त्यात जाते.

यानंतर तीन वर्षांनी, 1893 साली, देवलांनी दोन नाटके लिहिली. त्यांतले 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरचे. या कथेत महाश्वेता एका तरुणाला पोपट होण्याचा शाप देते आणि तो तरुण म्हणजे तिच्याच मृत प्रियकराचा पुनर्जन्म असतो. केवढा उपरोध! पण 'कादंबरी'त हे गुपित वाचकापासूनही अखेरपर्यंत झाकून ठेवले आहे. कळते तेव्हा आपण थक्क होतो. आधीचा सारा वेळ मात्र आपण महाश्वेतेइतकेच अज्ञानी असतो. देवलांच्या नाटकांत आज 'शापसंभ्रम'ची आठवण सर्वांत कमी निघते. ती या कारणानेच, असे म्हणण्याचे धाडस करणार नाही. देवलांच्या हाताला बसणारी कथा ही नव्हे, एवढे मात्र वाटते.

दुसरे नाटक होते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मोलिएरचे 1660 सालचे 'स्गानारेल' हे प्रहसन आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने 1761 साली 'ऑल इन द राँग' या नावाने इंग्रजीत वाढवून आणले होते. तेथून ते देवलांच्या हाती आले. 'झुंझारराव' लिहून झालेल्या माणसाने ही कथा का उचलली, हे उघड आहे. संशयच तो, नवराबायकोचाच. फक्त रुमालाच्या जागी तसबीर.

घटना अशी. नायकिणीची मुलगी रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते. जवळून जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो. माणुसकीचे हे एवढे एक कृत्य! ते त्याची बायको कृत्तिका पाहते आणि जळफळते. रेवतीला तिच्या प्रियकराने, अश्विनशेठने, दिलेली स्वतःची तसबीर या गडबडीत पडते; ती कृत्तिकेला सापडते. बायको एका देखण्या तरुणाची तसबीर न्याहाळते आहे, हे फाल्गुनराव पाहतो आणि आता जळण्याची पाळी त्याची. तसबीर त्याच्या हाती येते. ती त्याच्या हाती अश्विनशेठ पाहतो. आपण प्रेमाने दिलेली भेट रेवतीने या गृहस्थाला देऊन टाकली, असा त्याचा ग्रह होतो. एका तसबिरीने चार माणसे पेटतात, आणि तसबिरीचा प्रत्येक मुक्काम प्रेक्षकाच्या नजरेसमोर झालेला असतो.

देवलांच्या कर्तबगारीतला सर्वांत मार्मिक भाग मला येथे दिसतो. 'झुंझाररावा'त एक माणूस जाणूनबुजून खोटे बोलतो. या नाटकातल्या घोटाळ्यामागे असा कोणी कारस्थानी नाही. फाल्गुनरावाने जे पाहिले ते खरेच घडले होते; कृत्तिकेने पाहिले तेही खरे. अश्विनशेठच्या डोळ्यांनीही त्याला फसवलेले नाही. प्रत्येकाने सत्याचा एकेक तुकडा पाहिला आणि उरलेले चित्र मनाने रंगवले. खलपुरुषाची गरजच उरली नाही. 'झुंझारराव' पाहून घरी जाणारा प्रेक्षक आपल्या ओळखीत असा कोणी दुष्ट नाही म्हणून निश्चिंत झोपू शकतो. फाल्गुनरावाला हसून घरी गेलेल्या प्रेक्षकाला ती सोय नाही.

देवलांनी मर्फीच्या कथेत केलेला एक बदलही लहान नाही. मर्फीची नायिका कुलीन घरातली मुलगी आहे. रेवती नायकिणीच्या पोटची आहे आणि तिला लग्न करून संसार हवा आहे. अश्विनशेठला संशय येतो तेव्हा त्यामागे सगळे गावच उभे असते. अशा घरातल्या मुलीबद्दल लोक जे बोलत आले तेच शेवटी खरे ठरले, असे त्याला वाटू लागते. ती निर्दोष आहे हे आपल्याला माहीत असते, म्हणून त्याच्या रागाला हसता हसता थोडे टोचते. वसंतसेना ज्या वधूपदासाठी तळमळली त्याच्याच दारात रेवती उभी आहे. सहा वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने या दोघींना रंगमंचावर आणले, हा योगायोग नसावा. पात्रांना फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादवा, कृत्तिका, रेवती अशी महिन्या-नक्षत्रांची नावे देण्याची गंमतही खास मराठी. सगळे पंचांग आपापल्या घरात भांडत बसले आहे!

1899 साली किर्लोस्कर मंडळींनी 'शारदा' रंगभूमीवर आणली. देवलांचे हे एकमेव स्वतंत्र नाटक, आणि मराठीतील सामाजिक संगीत नाटकाचा आरंभ. संमतिवयाचा कायदा 1891 साली झाला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याच्या त्या प्रश्नावर महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले होते, ते इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. देवलांनी त्या वादात व्याख्यान दिले नाही. त्यांनी पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, लोभी कांचनभट आणि लग्ने जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित यांना रंगमंचावर बसवून एका अजाण मुलीचा सौदा करायला लावला.

भुजंगनाथाचा तरुण दिसण्याचा खटाटोप, भद्रेश्वराची थापेबाजी आणि कांचनभटाचा पैशांवरचा डोळा यांना प्रेक्षक पोट धरून हसतो. नवरदेव किती तरुण आहे, याचे शारदेच्या मैत्रिणी जे उपरोधिक वर्णन करतात ते पद तर घरोघरी गेले. पण या हसण्यात एक काटा आहे. शारदेला तिचे भवितव्य नीट कळण्याआधी ते प्रेक्षकाला कळते. 'झुंझाररावा'त प्रेक्षक खुर्चीत बसून राहतो, कारण ते नाटक आहे. 'शारदे'च्या वेळी प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी अशी लग्ने खरोखर पाहिली होती, काहींनी तेथे अक्षताही टाकल्या असतील. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला सगळे ठाऊक असते आणि मुलीला काहीच ठाऊक नसते, ही त्या काळची रीतच होती. देवलांनी ती उचलून रंगमंचावर ठेवली, एवढेच. नाटकात वर आणि वधूपिता सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडते, जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि शेवट गोड होतो. तो शेवट ओढून आणलेला वाटतो, हे कबूल केले पाहिजे. गोत्र वेगळे असते तर? हा प्रश्न नाटक विचारत नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र तो उरतो.

पुढे 1929 साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला आणि तो शारदा कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नाव नाटकावरून पडले, अशी मराठी घरांतून आजही अनेकांची समजूत आहे. वास्तविक ते नाव विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले. समजूत चुकीची खरी, पण ती होण्याइतके त्या मुलीचे नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

लेखनाइतकाच देवलांचा व्यासंग होता तालमीचा. नाटकमंडळ्यांत ते देवल मास्तर म्हणून ओळखले जात. नटाने स्वाभाविक बोलावे, पद गाताना त्याचा अर्थ हरवू देऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. या आग्रहाचा त्यांच्या नाट्यरचनेशी जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. ज्या नाटकात प्रेक्षकाला सर्व माहीत आहे, तेथे नटाने आपल्यालाही माहीत असल्याची किंचित जरी खूण दिली तरी डोलारा कोसळतो. फाल्गुनरावाचे काम करणाऱ्याने डोळा मारायचा नसतो. त्याने मनापासून, जीव तोडून संशय घ्यायला हवा. तो जितका गंभीर तितके प्रेक्षागृह हसणार. या शिस्तीत बालगंधर्वांसारखे नट घडले. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. समोरची शारदा हा पुरुष आहे हे प्रत्येकाला माहीत असे आणि पहिल्या पदापर्यंत प्रत्येक जण ते विसरून जाई. प्रेक्षकाच्या माहीत असण्याचा हा आणखी एक पदर.

बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली. मंडळीसाठी देवलांनी वीस-बावीस वर्षांपूर्वीचा आपला 'फाल्गुनराव' पुन्हा बाहेर काढला, त्यात पदे घातली आणि 'संगीत संशयकल्लोळ' सिद्ध केले. प्रहसनात गाणे घालणे जोखमीचे असते. हसण्याची गती गाण्याने खंडित होते आणि गाणे रंगले तर घोटाळा विसरला जातो. देवलांनी त्यावर शोधलेला उपाय असा की गाणारी जोडी वेगळी ठेवली आणि भांडणारी वेगळी. रेवती आणि अश्विनशेठ यांच्या वाट्याला प्रेम, रुसवा आणि पदे आली; फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या वाट्याला गद्य आणि धुसफूस. गाणे चालू असताना प्रेक्षकाला माहीत असते की ती तसबीर कोणाच्या हातात आहे, त्यामुळे आनंदाच्या पदाखालीही येऊ घातलेला घोटाळा खदखदत राहतो.

14 जून 1916 रोजी देवलांचे निधन झाले. संगीत रूपातल्या 'संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग गंधर्व मंडळींनी त्यानंतर चार महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 1916 रोजी केला. रेवती होते बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. बोडसांच्या फाल्गुनरावाच्या आठवणी पुढची कित्येक वर्षे रसिक सांगत राहिले. तेव्हापासून हे नाटक रंगभूमीवरून फार काळ दूर राहिलेले नाही. मंडळ्या बुडाल्या, नाटकाचे अंक आटले, पाच-सहा तासांचे प्रयोग अडीच तासांत आले, एकविसाव्या शतकातल्या नटसंचांनीही ते नव्याने केले. बहुतेक प्रेक्षकांना कथा पाठ असते. तरीही रेवती रस्त्यात कोसळते, तसबीर तिच्या हातून सुटते आणि कृत्तिका ती उचलायला वाकते, तेव्हा प्रयोग कोणाचाही असो, प्रेक्षागृहात आधी एक बारीकशी खसखस पिकते. फाल्गुनराव अजून विंगेतून बाहेर आलेला नसतो.